अवघड ऑइल पॅटर्नवर स्कोअर का कोसळतो आणि तो कसा सावरायचा

तुमचा प्रश्न असा आहे: टेनपिन बोलिंगमध्ये नेहमीच्या लेनवर तुमची सरासरी १७५ आहे, पण अवघड ऑइल पॅटर्न (लेनवर तेल लावण्याची ठरावीक मांडणी) असलेल्या स्पर्धेच्या सहा गेममध्ये ती १३८ वर आली. एक बॉल नुसता घसरत हेडपिनच्या (सर्वांत पुढच्या पिनेच्या) उजवीकडून निघून जायचा, तर लगेच पुढचा एकदम वळून हेडपिनवर समोरून आदळायचा. दर गेमला चार-पाच ओपन फ्रेम, म्हणजे दोन्ही बॉलनंतरही पिना उरलेल्या फ्रेम. म्हणून तुम्ही विचारलंय, "जास्त हुक होणारा, म्हणजे जास्त वळणारा, नवा बॉल घेऊ का?" तुम्ही उजव्या हाताने खेळता, तेव्हा मी सगळं त्याच हिशेबाने सांगतो. डावखुऱ्यांनी बाजू उलट करून वाचावं.

बॉलबद्दल माझं उत्तर: आत्ता घेऊ नका. तुमच्या वर्णनावरून तर असा बॉल तुमचं दुखणं वाढवेल असंच मला वाटतं. कारण पुढे सांगतो, पण आधी एक हिशेब पाहू. ९ पिना पाडून उरलेली एक सोडली, तर त्या फ्रेमचे ९ गुण. तीच पिन पाडली आणि पुढच्या पहिल्या बॉलला ९ मिळाले, तर त्या फ्रेमच्या १० मध्ये तेही धरून १९. म्हणजे एका ओपन फ्रेमची किंमत साधारण १० गुण. तुमची घसरण ३७ गुणांची आहे आणि ओपन फ्रेम चार-पाच. अख्ख्या गेममध्ये एकही स्ट्राइक (पहिल्याच बॉलला दहाही पिना) न मारता प्रत्येक फ्रेमला ९ आणि स्पेअर (उरलेली पिन दुसऱ्या बॉलला) केलं, शेवटच्या जादा बॉलवरही ९ पाडल्या, तर स्कोअर १९० होतो. स्पर्धेत तुमचे स्ट्राइक कमी झाले असतील, पण स्कोअर कोसळला तो मुख्यतः स्प्लिट (मध्ये मोकळी जागा राहून सुट्या उरलेल्या पिना) आणि हुकलेल्या स्पेअरमुळे.

आता मुळाशी जाऊ. लेनवर ३९ बोर्ड (लांबीच्या दिशेने जाणाऱ्या पट्ट्या, उजव्या हाताने खेळणारा त्या उजवीकडून मोजतो) असतात आणि फाउल लाइनपासून (जिच्या मागून बॉल टाकायचा त्या रेघेपासून) हेडपिन ६० फुटांवर. ऑइल मशीन लेनवरचं तेल सगळीकडे सारखं लावत नाही. रोजच्या खेळासाठी लावलेल्या पॅटर्नमध्ये मधल्या बोर्डांवर भरपूर तेल असतं आणि कडेच्या बोर्डांवर अगदी थोडं. हा फरक आठ-दहा पटीचाही असतो. त्यामुळे बॉल चुकून बाहेर गेला की त्याला कोरडी जागा मिळते, तो आधीच पकड घेतो आणि पॉकेटकडे (हेडपिन आणि तिच्या उजव्या मागच्या पिनेमधल्या जागेकडे) परत येतो. चुकून आत गेला की जास्त तेलावर घसरत राहतो, हुक उशिरा होतो, म्हणून तोही पॉकेटच्या आसपासच पोहोचतो. लेनच तुमच्या चुका दुरुस्त करत असते. त्यामुळे आपला नेम किती पक्का आहे हे खेळणाऱ्याला वर्षानुवर्षं कळत नाही.

स्पोर्ट पॅटर्नमध्ये (स्पर्धेतल्या अवघड मांडणीत) मधल्या आणि कडेच्या तेलातला हा फरक ३:१ किंवा त्याहूनही कमी असतो. इथे बाहेर गेलेल्या बॉललाही तेलच भेटतं, त्यामुळे तो परत येत नाही. आत गेलेल्या बॉलला थोपवायला मध्ये तेलाचा वेगळा साठा नसतो, म्हणून तो हेडपिन ओलांडून जातो. तुमची दोन्ही लक्षणं हीच. ॲरो (लेनवर नेम धरायला असलेले बाण) फाउल लाइनपासून साधारण १५ फुटांवर आहेत आणि पिना ६० फुटांवर. बॉल वळलाच नाही असं धरलं, तरी ॲरोवरची १ बोर्डाची चूक पिनांपाशी ४ बोर्डांची होते. पॉकेट आहे साडेसतराव्या बोर्डाच्या आसपास. चार बोर्ड इकडे-तिकडे झाल्यावर काय उरणार?

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात, त्या आधीच सांगतो. पॅटर्नची लांबी, तेलाचं प्रमाण, लेन लाकडी आहे की सिंथेटिक, तुमचा वेग, बॉलला तुम्ही देता तेवढी फिरकी, तुमच्या आधी त्या लेनवर किती गेम झाले आणि कोणत्या बॉलने, या सगळ्यांनी उत्तर बदलतं. लेनची पातळीसुद्धा. नियमात इंचाच्या ४० हजारांश, म्हणजे जेमतेम १ मिलिमीटर, इतका उंचसखलपणा चालतो आणि तेवढ्यानेही शेजारच्या दोन लेन वेगळ्या वागतात. त्यामुळे "अमुक बोर्डावर उभे राहा, तमुक ॲरोवरून टाका" असं दुरून कुणी सांगितलं तर ऐकू नका. मी फक्त विचार कसा करायचा ते सांगू शकतो.

माझा सगळा भर एका सवयीवर आहे: हाताची चूक आणि लेनचं वागणं वेगळं ओळखायचं. एक बॉल घसरला आणि पुढचा वळला, हे दोन्ही ॲरोवर एकाच बोर्डावरून आणि एकाच वेगाने गेले होते का? गेले असतील, तर लेन किंवा बॉलचा पृष्ठभाग काहीतरी सांगतोय. एक ११व्या बोर्डावरून आणि दुसरा १४व्या बोर्डावरून गेला असेल, तर लेनचा काही दोष नाही. तुमच्या प्रश्नात पिनांपाशी काय झालं याचं वर्णन आहे, पण बॉल ॲरोवर कुठून गेला याचा एकदाही उल्लेख नाही. मला तरी दुखणं तिथेच दिसतं.

मी ज्यांना शिकवतो त्यांच्यातला एक खेळाडू तुमच्यासारखाच वैतागला होता. हात मोकळा, शेवटच्या पावलाची स्लाइड सुरेख, वेग जवळजवळ सारखा. त्याचं म्हणणं, "लेन दर बॉलला बदलतेय." मी मागे वही घेऊन बसलो. नेम दुसऱ्या ॲरोवर, म्हणजे १०व्या बोर्डावर होता. अट एकच: बॉल ॲरो ओलांडताच, पिनांपर्यंत पोहोचायच्या आत, त्याने बोर्डाचा आकडा मोठ्याने सांगायचा. तो म्हणाला, "दहा." मी लिहिलं १२. तो म्हणाला, "दहा." मी लिहिलं ८. मग ११, १३, पुन्हा ९. आणि प्रत्येक बॉलनंतर त्याचे पाय सरकत होते. हेडपिनवर आदळला की दोन बोर्ड डावीकडे, कमी वळला की दोन बोर्ड उजवीकडे. १३व्या बोर्डावरून गेलेल्या बॉलच्या निकालावरून तो १०व्या बोर्डाचा खेळ दुरुस्त करत होता. वीस बॉलनंतर मी वही त्याच्यापुढे धरली, तेव्हा बराच वेळ तो काही बोलला नाही. नंतर तीन आठवडे आम्ही फक्त आकडे सांगायचा सराव केला. रिलीजला (बॉल हातातून सोडायच्या पद्धतीला) हातही लावला नाही. नजर ॲरोवर टिकायला लागल्यावर बॉलही तिथूनच जायला लागला.

तुम्हीही हेच करा. कुणी बसायला नसेल तर मोबाइल मागे ठेवून चित्रीकरण करा आणि आकडे नंतर पडताळा. तीन रकाने पुरेत: नेम कुठे, गेला कुठून, पिना कशा पडल्या. दोन लेनवर आलटून-पालटून खेळत असाल तर दोन्ही लेनची नोंद वेगळी ठेवा. डाव्या लेनचा धडा उजव्या लेनवर लावला की पुढची फ्रेम हमखास वाया जाते.

या नोंदीतून माझा नियम निघतो: खराब बॉलवरून जागा बदलायची नाही. बॉल नेम धरलेल्या बोर्डावरून, नेहमीच्या वेगाने, हात स्वच्छ सुटून गेला आणि तरी निकाल चुकला, तरच तो बॉल काहीतरी सांगतो. असे दोन बॉल एकसारखे चुकले की सरकायचं. सराव-फ्रेममध्ये वेळ कमी असतो, तिथे मी एका चांगल्या बॉलवरही सरकतो. बॉल हेडपिनवर जास्त चढत असेल तर पाय डावीकडे २ बोर्ड आणि नेम डावीकडे १ बोर्ड, कमी पडत असेल तर उलट. ही नेहमीची २-१ ची चाल. अवघड पॅटर्नवर मात्र मी आधी १ बोर्डच सरकून बघतो, कारण तिथे एका बोर्डाचा फरकही मोठा असतो.

आता खेळायचं कुठून? पॅटर्नची लांबी (तेल किती फुटांपर्यंत आहे ते) जाहीर केलेली असेल तर ३१चा नियम कामाला येतो. लांबीतून ३१ वजा केले की तेल संपतं तिथे बॉल साधारण कोणत्या बोर्डाजवळ असावा ते मिळतं. ४० फुटांना ९वा बोर्ड, ३५ फुटांना ४था, ४५ फुटांना १४वा. हा आकडा ॲरोवरचा नाही, तेल संपतं तिथला आहे. यात बरेचजण घोटाळा करतात. आणि हा नियम म्हणजे सुरुवातीचा अंदाज. सरावात तो एक-दोन बोर्ड इकडे-तिकडे सरकतोच.

यामागचं कारण समजलं तर नियम पाठ करावा लागत नाही. तेल ३५ फुटांवर संपलं तर पुढे २५ फूट कोरडी लेन उरते आणि बॉलला वळायला भरपूर जागा मिळते. आतून खेळलात तर तो पॉकेट ओलांडून पलीकडे जाईल, म्हणून छोट्या पॅटर्नवर गटराजवळून, कमी हुकचा बॉल घेऊन, सरळ रेषेत खेळायचं. तेल ४५ फुटांपर्यंत असेल तर पुढे फक्त १५ फूट. तिथे बाहेर ६व्या-७व्या बोर्डापर्यंत पाठवलेल्या बॉलला परत यायला वेळच मिळत नाही. पीबीएच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक बोलर्सच्या संघटनेच्या) प्राण्यांच्या नावाच्या पॅटर्नमध्ये चीता हा छोटा आणि शार्क हा लांब. दोन्हीकडे एकाच रेषेचा हट्ट धरणाऱ्याची एकीकडे तरी दाणादाण उडतेच. लांब पॅटर्नवर मी स्वतः एका स्पर्धेत पहिले तीन गेम दुसऱ्या ॲरोवरून बाहेर टाकत राहिलो, कारण वर्षभर तीच रेषा चालली होती. बॉल दर वेळी उजवीकडे राहायचा आणि मी मनगटाने आणखी फिरवून त्याला ओढून आणायला बघायचो. चौथ्या गेमला १५व्या बोर्डावरून, बाहेर न पाठवता, जवळजवळ सरळ टाकला तेव्हा कुठे पॉकेट सापडलं. तोपर्यंत स्पर्धा हातातून गेली होती.

पिना कशा उरतात तेही वाचायला शिका, कारण ९ पिनांची प्रत्येक फ्रेम सारखी नसते. पिनांचे नंबर हेडपिनला १ धरून, मागच्या ओळींत डावीकडून उजवीकडे मोजतात. २ नंबरची पिन किंवा २-४-५-८ हा गट उरला, तर बॉल हेडपिनला कमी लागलाय. ४ नंबर, ३-१० किंवा ४-६-७-१० उरल्या, तर जास्त लागलाय. एकटी १० उरली तर ६ नंबरच्या पिनेकडे बघा. ती गटरात नुसती लोळली असेल, तर बॉल पिनांपर्यंत पोहोचेतो थकला होता. तिथे अर्धा बोर्ड सरकण्यापेक्षा बॉलची ताकद टिकवायचा विचार करावा लागतो: थोडा कमी घासलेला बॉल, किंवा रिलीजला हात जरासा बॉलच्या मागे.

अवघड लेनवर माझा एक ठाम कल आहे. बॉल चुकणारच असेल तर हेडपिनला किंचित कमी लागून चुकावा, जास्त लागून नको. कमी लागलेल्या बॉलमागे बहुतेक वेळा पाडता येण्याजोगा गट उरतो, जास्त लागलेल्यामागे स्प्लिट. म्हणून खात्री नसेल तेव्हा मी पॉकेटच्या उजव्या अंगाकडे झुकतो. दोन-चार स्ट्राइक त्यात जातात, पण ओपन फ्रेम त्याहून जास्त वाचतात. पॉकेटमध्ये शिरण्याचा उत्तम कोन ६ अंशांच्या आसपास मानतात, पण अवघड पॅटर्नवर मी तेवढ्या कोनाचा हट्ट सोडतो. कोन वाढवायला बॉल बाहेर पाठवावा लागतो आणि नेमक्या त्याच जागेला तिथे माफी नसते.

सरळ खेळ म्हणजे कमकुवत खेळ, असं तरुण खेळाडूंना वाटतं. वॉल्टर रे विल्यम्स ज्युनियर यांनी पीबीए टूरवर ४७ विजेतेपदं मिळवली आहेत. त्यांचा खेळ नुसता पाहा. वळण बेताचं, रेषा सरळ आणि स्पेअर जवळजवळ हुकतच नाही.

आता बॉल. एक घसरतो, पुढचा झटक्यात वळतो, हे चकचकीत आणि जोरदार रिॲक्टिव्ह (जास्त पकड घेणारं रेझिनचं आवरण असलेल्या) बॉलचं ठरलेलं वागणं. तेलावर त्याला पकड मिळत नाही आणि कोरड्या जागी मिळते ती एकदम. याहून ताकदीचा बॉल घेतलात तर दोन टोकांमधलं अंतर आणखी वाढेल. त्याऐवजी आहे तोच बॉल घासून बघा. पृष्ठभाग २००० किंवा १००० ग्रिटच्या पॅडने मंद केला की बॉल लेनच्या मधल्या भागातच हळूहळू पकड घेऊ लागतो आणि शेवटचं वळण गोलाकार, अंदाजात येणारं होतं. पॅडचा आकडा जितका लहान, तितकी पकड लवकर. छोट्या पॅटर्नवर किंवा सुकलेल्या लेनवर हाच बॉल लवकर थकेल, हे मात्र ध्यानात ठेवा. घासायचं काम स्पर्धेआधीच उरका. यूएसबीसीच्या (अमेरिकेतल्या बोलिंगच्या नियामक संस्थेच्या) नियमानुसार खेळ सुरू झाल्यावर पृष्ठभाग बदलता येत नाही, आणि ऑगस्ट २०२० पासून बॉल पुसायलासुद्धा फक्त कोरडा टॉवेल चालतो, क्लीनर नाही.

टॉवेलवरून आठवलं. बॉल परत आला की लगेच पुसू नका, आधी त्यावरच्या तेलाच्या कड्या बघा. पहिल्या गेमला त्या ओल्या, ठळक, एकमेकींपासून सुट्या दिसतात. त्याच रेषेवर दोन गेम खेळून झाले की पुसट होतात, कारण रिॲक्टिव्ह बॉल तेल शोषतात आणि तुमच्या रेषेवरचं तेल उचलतात. कड्या पुसट झाल्या आणि चांगला टाकलेला बॉलही हेडपिनवर चढायला लागला, की पॅटर्न मोडायला लागलाय. आता डावीकडे सरकायची वेळ. उलट, लेनवर प्लास्टिक किंवा युरेथेनचे (तेल फारसं न शोषणारे) बॉल जास्त फिरत असतील तर तेल पुढे ओढलं जातं आणि तुमचा बॉल पिनांपाशी वळायचा थांबतो. दोन्हींचा उपाय एकमेकांच्या उलट, म्हणून शेजारचे खेळाडू काय टाकताहेत तिकडेही लक्ष असू द्या.

तुम्ही नवं काही घ्यायचंच म्हणत असाल, तर स्पेअरसाठी साधा प्लास्टिकचा बॉल घ्या. डावीकडच्या स्पेअरसाठी बरेचजण ३-६-९ वापरतात: नेम तोच ठेवून २ नंबरच्या पिनेसाठी पाय ३ बोर्ड उजवीकडे, ४ साठी ६, ७ साठी ९. रोजच्या लेनवर हे गणित हुक बॉलनेही बसतं. स्पोर्ट पॅटर्नवर बसत नाही, कारण ते तुमच्या स्ट्राइकच्या वळणावर उभं असतं आणि तिथे ते वळणच भरवशाचं नाही. प्लास्टिक बॉल जवळजवळ वळतच नाही, त्यामुळे तेल कसंही असलं तरी स्पेअर तेच राहतं. ७ नंबरसाठी उजवीकडून, १० नंबरसाठी डावीकडून, लेन तिरपी कापत, मनगट स्थिर ठेवून. सरावात निदान एक गेम असा खेळा की पूर्ण मांडणीवर पहिला बॉल फक्त १० नंबरच्या पिनेवर आणि दुसरा ७ वर. स्कोअर बघू नका. दहापैकी किती वेळा नेमकी तीच पिन पडली ते मोजा.

वेगाबद्दलही तुम्ही ओझरतं विचारलंय. बॉल वळत नाही म्हणून तो हळू टाकावा का? थोडा हळू टाकल्याने लवकर पकड घेतो, हे खरं. पण स्पर्धेच्या ताणात हळू टाकायला गेलं की बहुतेकांचा हात आखडतो आणि नेम आधी बिघडतो. बॉल थोडा खालून धरून आणि पहिली पावलं छोटी टाकून वेग आपोआप उतरतो, हाताला रोखावं लागत नाही. हे सरावात जमलं असेल तरच स्पर्धेत करा.

सरावाच्या दहा मिनिटांत मी काय करतो ते सांगतो. पहिले तीन बॉल एकाच वेगाने, एकाच रिलीजने, ५व्या, १०व्या आणि १५व्या बोर्डावरून. पिना किती पडल्या ते बघतही नाही. बॉलने वळायला कुठे सुरुवात केली आणि वळण संपून सरळ लोळायला कुठे लागला, एवढंच टिपतो. त्यातली सर्वांत शांत रेषा निवडतो, मग ती सर्वांत जास्त पिना पाडणारी नसली तरी चालेल. त्या रेषेवर मुद्दाम एक बॉल बोर्डभर आत आणि एक बोर्डभर बाहेर टाकून कोणत्या बाजूला वाव आहे ते बघतो, आणि शेवटचा बॉल प्लास्टिकचा, १० नंबरवर.

पुढच्या स्पर्धेआधी एवढं करून बघा: दोन आठवडे तीन रकान्यांची वही, आठवड्यातून एक गेम फक्त ७ आणि १० नंबरचा, आणि आहे तो बॉल २००० ग्रिटवर. लेनच्या चालकांना विनंती केली तर कधीकधी ते एखाद्या संध्याकाळी सपाट (सगळीकडे जवळजवळ सारखं तेल असलेला) पॅटर्न लावूनही देतात, विचारून पाहा. वही भरली की १०व्या बोर्डाच्या नेमावर तुमचे बॉल किती बोर्डांत पसरतात तो आकडा मला कळवा. पाच बोर्डांत पसरत असतील तर रिलीज आणि खांद्याच्या दिशेवर बोलू. दोन-तीन बोर्डांतच असतील, तर तेव्हा खुशाल दुसऱ्या बॉलचा विषय काढू.